शारजाची ‘महत्ता’ : वाळवंटातील एका लहान विमानतळाचा इतिहास (१९३२–१९७७)

प्रास्ताविक

विमानवाहतुकीचा इतिहास बहुधा यंत्रांचा आणि वैमानिकांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. कोणते विमान किती वेगाने उडाले, कोणी प्रथम कोणता समुद्र ओलांडला, किती दिवसांचा प्रवास किती तासांवर आला, याच्या नोंदी विपुल आहेत. विमान ज्या जमिनीवर उतरले ती जमीन कोणाची होती, ती कोणत्या अटींवर मिळाली आणि तिचे भाडे कोणी कोणाला दिले, हे प्रश्न मात्र अशा लेखनात तळटीपांत ढकलले जातात. वास्तविक १९३० च्या दशकातील विमाने एका दमात फार दूर जाऊ शकत नसत. त्यामुळे लंडनहून हिंदुस्थानकडे येणारा हवाई मार्ग हा आकाशातील मार्ग असण्यापेक्षा जमिनीवरील थांब्यांची एक माळ होता, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. त्या माळेतील एक मणी म्हणजे इराणी आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावरील शारजा हे छोटे संस्थान.

शारजाच्या विमानतळाला स्थानिक लोक ‘अल महत्ता’ म्हणत. अरबी भाषेत या शब्दाचा अर्थ केवळ स्थानक किंवा थांबा एवढाच आहे. मराठी वाचकाला त्यात मोठेपणाचा अर्थ ऐकू यावा हा निव्वळ योगायोग होय. तथापि त्या किनाऱ्याच्या राजकीय इतिहासात या थांब्याने जे स्थान मिळविले ते पाहता हा योगायोग अगदीच निरर्थक वाटत नाही. प्रस्तुत लेखात या विमानतळाचा विचार प्रामुख्याने एक करार म्हणून केला आहे. ज्या किनाऱ्याशी ब्रिटिशांचे शतकभराचे सर्व तह समुद्रापुरते मर्यादित होते, त्या किनाऱ्यावरील जमिनीत त्यांचे पाऊल प्रथम रोवले गेले ते या विमानतळाच्या रूपाने, आणि तेही भाडेकरू म्हणून.

समुद्रापुरते तह

आखातातील ब्रिटिश सत्तेचा आरंभ मुंबईतून झाला, ही गोष्ट मराठी वाचकाने विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. १८१९ च्या अखेरीस सर विल्यम ग्रँट कीर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईहून निघालेल्या आरमारी मोहिमेने रास अल खैमा हे कासिमी अरबांचे प्रमुख ठाणे जिंकले. या मोहिमेचे कारण म्हणून कासिमींच्या ‘चाचेगिरी’चा दाखला देण्यात आला. १८२० मध्ये किनाऱ्यावरील शेखांशी सर्वसाधारण तह झाला. १८५३ मध्ये समुद्रावरील कायमचा युद्धविराम ठरला आणि त्यावरूनच या प्रदेशाला ‘ट्रुशियल कोस्ट’ म्हणजे युद्धविरामाचा किनारा हे नाव रूढ झाले. १८९२ च्या करारांनी शेखांनी परराष्ट्र संबंध ब्रिटिशांकडे सोपविले. बुशहर येथील ब्रिटिश रेसिडेंट १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होता. त्यानंतर तो हिंदुस्थान सरकारच्या अखत्यारीत गेला. शारजात रेसिडेंटचा एक स्थानिक एजंट असे. हा एजंट इंग्रज नसे. १९३२ मध्ये या पदावर खानबहादूर ईसा बिन अब्दुल लतीफ हे होते. किनाऱ्यावर चालणारे नाणे हिंदी रुपया हेच होते, आणि १९०९ पासून शेजारच्या दुबईत हिंदुस्थानच्या टपालखात्याची कचेरी होती.

या सर्व व्यवस्थेचे सूत्र एकच होते. समुद्रावर शांतता राखावी, अन्य युरोपीय सत्तांना दूर ठेवावे आणि जमिनीवरील भांडणांत शक्यतो पडू नये. खजुरीच्या बागा, उंटांचे मार्ग, टोळ्यांची वैरे यांच्याशी रेसिडेंटला फारसे कर्तव्य नव्हते. शेखांच्या दृष्टीनेही हीच मर्यादा मोलाची होती. समुद्रावरचे स्वातंत्र्य त्यांनी गमावले होते, परंतु जमिनीवर ते आपले आपण होते.

या अर्थव्यवस्थेचा कणा मोती हा होता. उन्हाळ्याचे महिने पाणबुडे समुद्रावर घालवीत आणि हंगामाचा माल मुख्यत्वे मुंबईच्या बाजारात जाई. महाराष्ट्रात नथीत ज्यांना ‘बसऱ्याचे मोती’ म्हणून मान मिळाला ते मोती प्रत्यक्षात याच आखाताच्या तळाशी सापडत. बसरा हे केवळ व्यापारी नाव. १९२० च्या दशकात जपानी कृत्रिम संवर्धनाचे मोती बाजारात आले आणि १९२९ नंतरच्या जागतिक मंदीने उरलीसुरली मागणी नाहीशी केली. नाखवे, पाणबुडे, सावकार आणि शेख हे सर्व एकाच वेळी कफल्लक होऊ लागले. विमानतळाची मागणी घेऊन इंग्रज शारजाच्या दारी आले ते नेमके याच काळात. ही पार्श्वभूमी सोडून त्या कराराचा अर्थ लावणे म्हणजे एका बाजूचा नफा पाहून दुसऱ्या बाजूची गरज न पाहणे होय.

इराणी किनाऱ्यावरून अरबी किनाऱ्यावर

इंपीरियल एअरवेज या कंपनीची लंडन ते कराची ही सेवा ३० मार्च १९२९ रोजी सुरू झाली. प्रवासाला सात दिवस लागत. मधला काही भाग आगगाडीने आणि भूमध्य समुद्रावरील भाग उडत्या नौकेने पार करावा लागे, यावरून त्या काळच्या ‘हवाई’ प्रवासाची कल्पना येते. बसऱ्यापुढे विमाने बुशहर, लिंगे, जास्क अशी इराणच्या किनाऱ्याने जात. परंतु रझाशहाच्या इराणला आपल्या भूमीवरून परकी विमाने आपल्या सोयीने जावीत हे मान्य नव्हते. परवानगी मुदतीची होती आणि १९३२ मध्ये ती संपुष्टात आली. कंपनीला आखाताच्या दुसऱ्या काठावर जाण्यावाचून गत्यंतर राहिले नाही.

दुसऱ्या काठाचे गणित सोपे होते, पण कठोर होते. या मार्गासाठी तयार केलेले हँडले पेज एच. पी. ४२ हे चार इंजिनांचे दुपंखी विमान ताशी सुमारे १६० किलोमीटर वेगाने जाई आणि एका वेळी साधारण ८०० किलोमीटर मजल मारू शके. कुवेत आणि बहारीन हे थांबे मिळण्यासारखे होते. बहारीनपासून ग्वादरपर्यंतचे अंतर मात्र जवळजवळ १२०० किलोमीटर भरते. मध्ये कोठेतरी उतरल्याशिवाय हिंदुस्थान गाठणे अशक्य होते. शारजा बहारीनपासून सुमारे ५०० आणि ग्वादरपासून सुमारे ७०० किलोमीटरवर आहे. म्हणजे शारजातून सुटलेले विमान ओमानचे आखात ओलांडून ग्वादरला पोहोचे तेव्हा त्याच्या टाकीत फारसे काही उरत नसे, आणि वारा समोरचा असेल तर चिंतेचे कारण असे. ग्वादर हे बंदरदेखील त्या वेळी ब्रिटिश हिंदुस्थानचे नव्हते. ते मस्कतच्या सुलतानाच्या ताब्यात होते आणि १९५८ मध्ये पाकिस्तानकडे आले. कराचीला पोहोचेपर्यंत ब्रिटिश साम्राज्याचा हा बहुचर्चित मार्ग अशा रीतीने इतरांच्या जमिनींवर विसावत येत होता.

शारजा ही पहिली पसंती नव्हती, हेही नमूद केले पाहिजे. रास अल खैमाच्या शेखाने १९३० मध्येच विमानांच्या पेट्रोलसाठ्याला विरोध केला होता. दुबईतील बोलणीही त्या वेळी फळाला आली नाहीत. किनाऱ्यावरील लोकांच्या मनातील शंका अनाठायी नव्हत्या. परके लोक एकदा वस्तीला आले की त्यांच्यामागे त्यांचे सैनिक येतात, त्यांचा कायदा येतो, हा अनुभव हिंदुस्थानशी व्यापार करणाऱ्या अरबांना ऐकून का होईना ठाऊक होता. गुलामगिरीचा प्रश्नही त्यात गुंतलेला होता. मोत्यांच्या नौकांवर राबणाऱ्यांत गुलामांचा समावेश असे आणि ब्रिटिश एजन्सीकडे मुक्ततेचे दाखले मागण्यासाठी असे लोक येत. विमानतळ म्हणजे अशा पळून येणाऱ्यांना आणखी एक आसरा, अशी धास्ती मालकवर्गाला वाटणे स्वाभाविक होते. जुन्या स्वातंत्र्याची भाषा बोलणारे विरोधक सर्वच निःस्वार्थी होते असे समजण्याचे कारण नाही.

२२ जुलैचा करार

शारजाचे शेख सुलतान बिन सकर (कारकीर्द १९२४ ते १९५१) यांच्यापुढे पेच होता. पैशाची निकड होती. घरातील आणि गावातील विरोधही होता. वाटाघाटींची सूत्रे रेसिडेंट सर ह्यू बिस्को यांच्याकडे होती. शेवटच्या टप्प्यासाठी शारजाकडे येत असताना जुलै १९३२ मध्ये ऐन उन्हाळ्यात बोटीवरच त्यांचा मृत्यू झाला. काम अर्धवट राहते की काय अशी परिस्थिती निर्माण झाली. ते पुरे केले कुवेतचे पोलिटिकल एजंट एच. आर. पी. डिक्सन यांनी. २२ जुलै १९३२ रोजी करार झाला.

करारातील आकडे लहान आहेत, पण बोलके आहेत. विमानतळाच्या भाड्यापोटी दरमहा ८०० रुपये, शेखाला व्यक्तिशः दरमहा ५०० रुपये आणि उतरणाऱ्या प्रत्येक विमानामागे ५ रुपये. विश्रामगृहाची इमारत शेखाच्या मालकीची राहील, पहारेकरी शेखाचे असतील आणि त्यांच्या पगाराची सोय केली जाईल. शेखाच्या स्वातंत्र्याला बाध येणार नाही, त्याच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ केली जाणार नाही, अशी ग्वाही त्याने मागून घेतली.

भाडे आणि व्यक्तिगत तनखा मिळून वर्षाला १५,६०० रुपये होतात. साम्राज्याच्या जमाखर्चात ही रक्कम नगण्य होती. मोत्यांचा बाजार बसलेल्या शेखाला ती अत्यंत महत्त्वाची होती. ही रक्कम हवामानावर, समुद्रावर किंवा पॅरिस-मुंबईच्या मागणीवर अवलंबून नव्हती. दर महिन्याला निश्चित येणारे असे उत्पन्न या किनाऱ्यावर त्यापूर्वी क्वचितच कोणाच्या वाट्याला आले असेल. त्याचबरोबर तिचा एक परिणाम दूरगामी ठरला. मोत्यांचे उत्पन्न नाखवा, सावकार, पाणबुडे यांच्या हातांतून फिरत शेखापर्यंत येई, त्यामुळे शेख त्या सर्वांचा मिंधा असे. विमानतळाचे भाडे थेट त्याच्या हाती पडे. पुढे तेलाच्या सवलतींच्या करारांतून (शारजाचा असा करार १९३७ चा आहे) जी शासकसत्ता उभी राहिली, तिची रूपरेषा या ८०० रुपयांत आधीच दिसते. आखाताच्या इतिहासात तेलाला जे श्रेय किंवा जो दोष सर्रास दिला जातो त्यातील थोडा वाटा विमानतळाकडे जावयास हवा.

मालकीचे कलम हे कराराचे मर्म होय. किल्लेवजा विश्रामगृह बांधले गेले ते शेखाचे म्हणून. इंग्रज तेथे राहिले, जेवले, झोपले, परंतु घर त्यांचे नव्हते. ही केवळ शब्दांची कसरत होती असे म्हणण्याचा मोह होतो. तथापि भाडेपट्टा आणि ताबा यांतील फरक न समजल्याने हिंदुस्थानातील कित्येक संस्थानिकांनी काय गमावले हे पाहिले म्हणजे शारजाच्या शेखाच्या या सावधपणाचे मोल कळते.

तुलनेसाठी याच मार्गावरील पुढचे वाळवंटी ठाणे पाहता येईल. १९३३ मध्ये सेवा कराचीपुढे कलकत्त्यापर्यंत वाढली तेव्हा जोधपूर हा एक थांबा झाला. तेथील महाराजा उमेदसिंह स्वतः विमानविद्येचे शौकीन होते. विमानतळ हा त्यांच्या संस्थानाचा मानबिंदू होता आणि त्यासाठी त्यांनी संस्थानचा पैसा हौसेने खर्च केला. वाळू तीच, ऊन तेच, विमानेही तीच. एका ठिकाणी शासकाने विमानाला आमंत्रण दिले, दुसऱ्या ठिकाणी त्याला भाडे आकारले.

गढीतील मुक्काम

५ ऑक्टोबर १९३२ रोजी ‘हॅनिबल’ हे एच. पी. ४२ जातीचे विमान शारजाला उतरले. त्या दिवशी तेथे इमारत तयार नव्हती. आरंभीच्या काळात राहण्याची सोय तंबूंतून होती. नंतर उभी राहिली ती गावाबाहेरच्या सपाट माळावरील चौकोनी गढी. मध्ये अंगण, भोवती खोल्या, बाहेरच्या जाड भिंतींत बंदुका रोखण्याजोगी भोके, भक्कम दार आणि सभोवार काटेरी तारांचे कुंपण. भोजनगृह, बिनतारी संदेशाची खोली आणि टेहळणीचा मनोरा हे सर्व एकाच आवारात होते. टोळ्यांच्या हल्ल्याची भीती मनात धरून ही रचना केली होती. परिणामी प्रवाशांना शारजाचा जो अनुभव येई तो बव्हंशी भिंतींच्या आतला असे.

असा मुक्काम का आवश्यक होता, हे समजण्यासाठी त्या हवामानाचा विचार करावा लागतो. उन्हाळ्यात तेथील तापमान ४० अंशांच्या वर सहज जाते. वर्षाचा पाऊस सुमारे १०० मिलिमीटर. राजस्थानच्या कोरड्या वाळवंटाहून या किनाऱ्याचे वैशिष्ट्य असे की समुद्रामुळे हवेत आर्द्रता अतिशय असते. घाम वाळत नाही आणि रात्रीही उकाडा उतरत नाही. उष्ण हवा विरळ असते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची शक्ती घटते, आणि विमानाला जमीन सोडण्यासाठी अधिक लांब धाव घ्यावी लागते. दुपारी तापलेल्या वाळूवरून उठणारे हवेचे झोत कमी उंचीवरून जाणाऱ्या अवजड दुपंखी विमानाला हेलकावे देत आणि प्रवाशांची दैना होई. म्हणून पहाटेच्या थंड हवेत उड्डाण करावयाचे, ऊन चढण्यापूर्वी शक्य तेवढे अंतर कापावयाचे आणि अंधार पडण्यापूर्वी कोठेतरी उतरावयाचे, असा क्रम असे. रात्रीच्या उड्डाणाची साधने तुटपुंजी होती. ऑगस्ट १९३६ मध्ये ‘होर्सा’ या विमानाला रात्री बहारीनचा तळ सापडला नाही आणि ते दक्षिणेकडील वाळवंटात उतरवावे लागले, या घटनेवरून मुक्कामाचे महत्त्व ध्यानात येते.

जमिनीचाही प्रश्न होता. आखाताच्या काठी खारवट मातीची सपाट मैदाने असतात. अरबीत त्यांना सबखा म्हणतात. कोरडी असताना ही जमीन विमान उतरण्याइतकी टणक असते. वर्षातून एकदोनदा पाऊस झाला की तिचा चिखल होतो. पावसाने विमान अडून बसावे असा प्रसंग वाळवंटात येऊ शकतो, हे प्रवाशांना चमत्कारिक वाटे. वायव्येकडून येणारा ‘शमाल’ हा वारा धूळ उडवून दिशा दिसेनाशा करी. याच मार्गाच्या पश्चिमेकडील टप्प्यात इराकच्या वाळवंटात १९२१ मध्ये वैमानिकांना वाट दिसावी म्हणून मैलोगणती नांगराचे तास ओढण्यात आले होते. शारजाच्या वैमानिकाला निदान किनाऱ्याची रेषा सोबतीला होती.

पहारेकरी, पाणके आणि पडद्यावरची शारजा

१९३७ मध्ये जॉन टेलर आणि राल्फ कीन यांनी या विमानतळावर ‘एअर आउटपोस्ट’ हा माहितीपट तयार केला. विमान येण्यापूर्वीची धांदल, विमानाचे आगमन, प्रवाशांचा मुक्काम आणि पहाटेचे उड्डाण असे एका दिवसाचे चित्र त्यात आहे. चित्रपटाच्या नावातच त्याची दृष्टी व्यक्त होते. ‘आउटपोस्ट’ म्हणजे केंद्रापासून दूरचे ठाणे. केंद्र लंडन हे गृहीत धरल्याशिवाय हा शब्द उच्चारता येत नाही. शारजाच्या लोकांना आपले गाव कोणाचेही ‘दूरचे ठाणे’ वाटण्याचे कारण नव्हते. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाला या चित्रपटाचा उपयोग आहे, कारण कॅमेऱ्याने निर्मात्यांच्या हेतूपलीकडचेही टिपले. बंदुका घेऊन विमानाकडे जाणारे शेखाचे पहारेकरी, पाणी आणि सामान वाहणारी माणसे व जनावरे, बाजारातील दुकाने हे सारे त्यात आहे.

या माणसांशिवाय विमानतळ एक दिवसही चालला नसता. नळ नव्हते, पिण्याचे आणि धुण्याचे पाणी विहिरींवरून आणावे लागे. पेट्रोल समुद्रमार्गे येई आणि किनाऱ्यावर उतरवून माळावर पोहोचवावे लागे. ताशी १६० किलोमीटर वेगाने आलेल्या यंत्राला पुढे जाण्यासाठी गाढवाच्या आणि हमालाच्या चालीची वाट पाहावी लागे. यांत विनोद आहे, पण खरा अर्थ त्याहून गंभीर आहे. मोत्यांच्या धंद्यात पाणबुडा बहुधा उचलीच्या कर्जात जन्मभर अडकलेला असे आणि बापाचे कर्ज मुलाच्या माथी येई. अशा समाजात महिन्याला रोख रुपये देणारी नोकरी, मग ती पहारेकऱ्याची का असेना, ही नवी गोष्ट होती. कंपनीच्या जाहिरातींत आलिशान आसने आणि विमानातील भोजन यांना जागा मिळाली. पाणक्याला मिळाली नाही.

मुंबईशी या थांब्याचा संबंध केवळ रुपयापुरता नव्हता. ‘हॅनिबल’ शारजाला उतरल्यानंतर अवघ्या दहा दिवसांनी, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूपर्यंत उड्डाण केले. भारतीय विमानवाहतुकीचा आरंभ म्हणून ही तारीख आपल्याकडे सर्वांना पाठ आहे. या सेवेचे प्रयोजनच मुळी इंपीरियल एअरवेजने कराचीला आणलेले विलायतेचे टपाल पुढे मुंबई-मद्रासला पोहोचविणे हे होते. ते टपाल त्या महिन्यापासून शारजाच्या वाटेने येत होते. मुंबईच्या पेढीवर किंवा पुण्याच्या घरात पडलेल्या विलायती हवाई पत्राने तो वाळवंटातला माळ पाहिलेला असे, आणि पत्र वाचणाऱ्याला त्याची वार्ताही नसे.

युद्ध, तळ आणि स्थलांतर

१९३७ मध्ये दुबईच्या शेखाशी उडत्या नौकांसाठी करार झाला. नौका दुबईच्या खाडीत उतरू लागल्या. शेजाऱ्याने पाच वर्षांपूर्वी घेतलेल्या निर्णयाचा लाभ दुबईने नीट अभ्यासला होता, असे मानण्यास जागा आहे.

१ मार्च १९४० रोजी ‘हॅनिबल’ हिंदुस्थानकडून शारजाकडे येत असताना ओमानच्या आखातावर नाहीसे झाले. त्यात आठ माणसे होती. त्यांपैकी एक मद्रास प्रांताचे माजी मंत्री आणि जस्टिस पक्षाचे नेते सर ए. टी. पन्नीरसेल्वम होते, भारतमंत्र्यांचे सल्लागार म्हणून रुजू होण्यासाठी ते लंडनला निघाले होते. विमानाचे अवशेष सापडले नाहीत. या जातीच्या विमानांनी शांततेच्या काळात कंपनीचा एकही प्रवासी दगावू दिला नव्हता, असा त्यांचा लौकिक होता. ज्या विमानाने शारजाला हवाई नकाशावर आणले त्याचाच अंत शारजाच्या वाटेवर व्हावा, ही घटना दक्षिण भारताच्या राजकीय इतिहासात नोंदली गेली. आखाताच्या इतिहासात तिची नोंद एका ओळीची आहे.

युद्धाने विमानतळाचे स्वरूप पालटले. रॉयल एअर फोर्सने तेथे तळ उभारला, पाणबुड्यांच्या शोधासाठी ओमानच्या आखातावर गस्त सुरू झाली आणि ‘अंतर्गत कारभारात ढवळाढवळ नाही’ या ग्वाहीचा अर्थ हळूहळू पातळ होत गेला. १९५१ मध्ये ‘ट्रुशियल ओमान लेव्हीज’ हे ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालील पथक स्थापन झाले आणि त्याचे ठाणे शारजातच होते. सैनिक येतील ही १९३२ च्या विरोधकांची भीती अशा रीतीने वीस वर्षांच्या आत खरी ठरली. मात्र ती ज्या रूपात त्यांनी कल्पिली होती त्या रूपात नाही. शारजा खालसा झाले नाही, शेखाचा वंश राहिला आणि जमिनीचा हक्कही राहिला. कराराने पुढची घटना टाळली नाही. तिच्या अटी मात्र काही अंशी ठरविल्या.

रुपयाचे पर्व याच सुमारास संपत आले. सोन्याच्या चोरट्या व्यापारामुळे परकीय चलनावर पडणारा ताण कमी करण्यासाठी भारताने १९५९ मध्ये आखातासाठी स्वतंत्र रुपया काढला. जून १९६६ मध्ये भारतीय रुपयाचे अवमूल्यन झाले तेव्हा त्याबरोबर या रुपयाचीही किंमत घसरली आणि किनाऱ्यावरील संस्थानांनी त्याचा त्याग केला. दरम्यान १९६० मध्ये दुबईचा स्वतःचा विमानतळ सुरू झाला होता. शारजाची खाडी गाळाने भरत चालली असता दुबईने आपली खाडी उपसून घेतली होती. समुद्र आणि आकाश दोन्ही वाटा शेजारी वळल्या. डिसेंबर १९७१ मध्ये ब्रिटिश गेले आणि शारजा संयुक्त अरब अमिरातीचे घटक राज्य झाले. शहर वाढत वाढत जुन्या माळाला येऊन भिडले. १९७७ मध्ये गावापासून दूर नवा आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला आणि महत्ता बंद पडली.

१९७२ मध्ये शारजाचे शासक झालेले शेख सुलतान बिन मुहंमद अल कासिमी हे इतिहासाचे संशोधक आहेत. आपल्या पूर्वजांवरील चाचेगिरीचा आरोप तपासून पाहण्यासाठी त्यांनी मुंबईच्या दफ्तरखान्यातील कागदपत्रांचा आधार घेतला आणि त्यावर आधारलेला त्यांचा ग्रंथ १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या मुंबईतून १८१९ ची मोहीम निघाली त्याच मुंबईचे दफ्तर त्यांनी तिच्या समर्थकांविरुद्ध साक्षीला काढले. विमानतळाची गढी पाडली गेली नाही. ती दुरुस्त करून २००० मध्ये तेथे संग्रहालय उघडण्यात आले. अंगण, खोल्या आणि मनोरा त्यात आहेत. धावपट्टीचा रस्ता झाला असून त्याला किंग अब्दुल अझीझ यांचे नाव आहे. दाट वस्तीच्या शहरातून जाणारा हा रस्ता अगदी सरळ आहे, आणि त्याच्या कडेला, दुकाने व इमारतींच्या मध्ये, ती बसकी गढी उभी आहे.